गळ्यावर न चढणारं कडं

४ फेब्रुवारी

वन्सं,

वर 'प्रिय' लिहावं की नाही, या विचारात सकाळचा चहा गार झाला. भांडण तुमचं आणि तुमच्या बंधुराजांचं आहे, माझ्याशी नाही, तेव्हा 'प्रिय' तुम्ही मनातल्या मनात वाचून घ्या. या घराशी बोलणार नाही अशी शपथ तुम्ही घेतलीत. लिहिणार नाही अशी घेतलेली नाही. ही पळवाट मी शोधली, आणि नव्या कागदी यानाची तुम्ही आखलेली पानं कापून-जोडून बघायला तुम्ही माझ्याकडेच धाडलीत म्हणजे तुम्हालाही ती चालली. फोन मात्र अजून उचलत नाही. बरं, असो.

आता अहवाल. पहिला संच परवा पुरा झाला. यानाचा मधला बारा बाजूंचा डबा असा काही बसलाय, की जोड कुठे आहे ते शोधायला मला दुकानातलं भिंग आणावं लागलं. चष्म्याच्या दुकानात नोकरी करण्याचा हा एक फायदा, दुसरा अजून सापडायचा आहे. घड्या रिकाम्या बॉलपेनने दाबून घेतल्या, कापलेल्या पांढऱ्या कडा रंगवल्या, गोंद टाचणीच्या टोकाने लावला. आणि ते सोनेरी वेष्टन! नुसती शाई आहे हे ठाऊक असूनही त्या सुरकुत्या मी बोटाने चाचपून पाहिल्या. डबा कपाटावर ठेवून जेवायला बसले, तर दर दोन घासांनी उठून बघून येत होते. चुका दोनच. नऊ नंबरच्या तुकड्याची गोंद लावायची पट्टी अरुंद आहे, आणि सतरा नंबर दोन तुकड्यांवर पडलाय.

रविवारी डबा आपल्या कागदी प्रतिकृतींच्या मंडळात नेला. दाताच्या डॉक्टरांनी तो हातात घेतला तो परत देईनातच. म्हणाले, "यांनी काढलेलं असलं की कात्रीने डोकं चालवायचंच नाही, नुसतं रेघेवरून चालायचं." एप्रिलच्या प्रदर्शनात मधलं टेबल तुमच्या शनीवाल्या यानासाठी राखून ठेवलंय. बाकी सभा नेहमीसारखीच झाली. यानाच्या दांड्यात आधाराला तार घातली तर त्याला कागदी यान म्हणायचं का, यावरून दोन सभ्य माणसं हमरीतुमरीवर आली. त्यातले एक निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांनीच तार घातली होती.

तुम्ही विचारणार नाही म्हणून सांगते, तुमचे बंधुराज ठीक आहेत. डब्याजवळून तीन-चारदा गेले. कुणी काढलंय असं विचारलं नाही, म्हणजे ओळखलं.

दुसरा संच लवकर टाका. हाताला चैन नाही.

तुमची,
वहिनी म्हणायला लहान असलेली भावजय


२१ फेब्रुवारी

वन्सं,

दुसरा संच मंडळाच्या ई-मेल खात्यात आला त्याच दिवशी आमचा झेरॉक्सवाला दुकानाला कुलूप लावून गावी गेला. मी घरभर येरझाऱ्या घालतेय, आणि एवढ्यात बंधुराज वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणतात, "दे, ऑफिसात काढून आणतो."

मला खोटंच वाटलं. ज्या माणसाने तीन वर्षं तुमचं नाव काढलं नाही, तो तुमची पानं छापून आणणार! त्या दिवसाचं मी कधीच कुणापुढे बोलत नाही, पण तुमच्यापुढे काय लपवायचं. आठ वर्षं तुम्ही आईंचं सगळं एकटीने केलंत. त्यांना काहीच आठवेनासं झालं, गॅस उघडा राहायला लागला, तेव्हा तुम्ही त्यांना सेवागृहात ठेवून आमच्याकडे आलात. आणि दर रविवारी पाहुण्यासारखं येऊन जाणाऱ्या या मुलाने दारातच तुम्हाला 'आईला टाकून आलीस' म्हणून सुनावलं. तुम्ही चपलासुद्धा काढल्या नाहीत, तशाच मागे फिरलात. पुढे वर्षभरात आई गेल्या, तेव्हाही तुम्ही दोघं दोन टोकांना उभे होतात.

तर पानं आली. जाड कागद, रंग झकास. फक्त चारी बाजूंचे समास कटरने साफ कापलेले. "तू कापतेसच ना, तुझं काम वाचवलं," म्हणाले. समासात तुम्ही तुमच्या अक्षरात नाव घालता, तेही गेलं. कटर त्यांचा, राग त्यांचा.

आता खरं दुखणं. यानाच्या अँटेनाची जी मोठी थाळी, तिच्या खालचं कडं डब्याच्या गळ्यावर चढत नाही. पहिल्यांदा वाटलं, माझंच कापणं चुकलं. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. साबण लावून बांगडी चढवतात तसं हळूहळू फिरवत नेलं, तर जोडावरच फाटलं. फाटलेलं सोबत पाठवतेय. फोटोत हे कळत नाही, हातातच घ्यायला हवं. थाळीचे तिन्ही पायसुद्धा खुणेच्या आत पडतात.

म्हणजे घेर तुमचा कमी पडलाय, वन्सं. तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढलेत, तिथले नळ जुळायचे ना? चिडू नका, गंमत केली. पण लवकर दुरुस्त करा. ते अर्धवट यान कपाटावरून माझ्याकडे बघत असतं आणि मला दुकानात गिऱ्हाइकांची नाकं सोडून त्याचा गळाच दिसतो.

तुमची भावजय


५ मार्च

वन्सं,

तुमची दुरुस्त पानं आली. सोबत एक ओळ होती, "चूक सापडली नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून काढलं आहे." वाचून आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली. सगळं पहिल्यापासून? वीस पानं?

बंधुराजांनी न सांगता छापून आणली. पुन्हा समास साफ. मी हात धुवून, दार लावून, फोन बंद करून बसले. कडं गुंडाळलं, चिकटवलं, वाळू दिलं. चढलं नाही. तेवढंच कमी, वन्सं. पहिल्या वेळी होतं अगदी तेवढंच.

मी वैतागले आणि तशीच मंडळाच्या गटावर लिहून मोकळी झाले, की दुसरा संच दुसऱ्यांदाही जुळत नाही, चूक तीच आहे. पाठवल्यावर वाटलं, हे आधी तुम्हाला लिहायला हवं होतं. पण तोवर दहा जणांनी वाचलं होतं. न्यायाधीशांनी 'एवढ्या अनुभवी व्यक्तीकडून?' असं लिहिलं. स्वतः तारा घालतात आणि दुसऱ्याला प्रश्नचिन्हं लावतात! डॉक्टरांनी सांभाळून घेतलं, म्हणाले, हवं तर दुसरं कुणी एकदा नजर टाकेल. त्यांचा हेतू चांगला होता. मला मात्र ते फार लागलं, तुम्हाला किती लागलं असेल ते मी समजू शकते.

एक काय ते कळवा. थकला असाल तर तसं लिहा. मी थांबेन. थांबणं मला जमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी थांबेन.

तुमची भावजय


१४ मार्च

वन्सं,

तुमचं कार्ड आज दुपारी मिळालं. दुकानात वाचलं आणि एका बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली.

तुम्ही लिहिलंय, "पाच वेळा तपासलं. मला चूक दिसत नाही. तुला कागद हातात धरून दिसते. आईचं बाह्यांपासून सुरू झालं होतं, आठवतं ना? एक लांब, एक आखूड. तिलाही दोन्ही सारख्याच दिसायच्या. आता तू मला पानं मागू नकोस."

मी हे दहा वेळा वाचलं असेल. अहो, काय हे! एक कडं बसत नाही म्हणून माणूस थेट तिथवर जातो? आई आयुष्यभर शिवणकाम करायच्या, त्यांच्या बाह्या चुकायला लागल्या तेव्हा इतर दहा गोष्टीही चुकत होत्या. तुमचं काय चुकतंय? मला पत्र लिहिताना तारीख बरोबर, पत्ता बरोबर, टोमणासुद्धा बरोबर जागी.

पण संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला तेव्हा पुढचं कळलं. तुम्ही त्यांना कळवलंय म्हणे, की मंडळातून नाव काढा, हे शेवटचं. नकाशांचं टेबल शनिवारी एका शाळेला द्यायचं ठरवलंय. संगणक बंद करून बांधून ठेवलाय. आणि आई होत्या त्याच सेवागृहात खोलीसाठी अर्ज केलाय, डोकं ताळ्यावर आहे तोवर आपली आपण व्यवस्था लावावी म्हणून. हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत, मला नाही! दाताच्या डॉक्टरांना!

मला राग आलाय. त्याहून जास्त भीती वाटतेय. फोन उचला.


१६ मार्च

वन्सं,

काल दिवसभर आणि आज सकाळी फोन केले. वाजतो आणि थांबतो. तुमच्या शेजारणीला लावला, त्या म्हणाल्या, "बऱ्या आहेत हो, भांडी-पुस्तकं वाटतायत." म्हणजे बऱ्या कशा?

मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलंत का? नाही दाखवलं, हे मला ठाऊक आहे. तुम्ही स्वतःच निदान केलंत, स्वतःच शिक्षा दिलीत. आणि पुरावा कुणी पुरवला? मी. फाटकं कडं, कागदात नीट गुंडाळून, वर तिकीट लावून.

घरात मला एका जागी बसवत नाही. कपाटं आवरायला काढली आणि निम्म्यावर सोडली. बंधुराजांनी विचारलं, काय झालंय? म्हटलं, तुमच्या ऐकण्यासारखं नाही. तुम्हीच सांगा, कुठल्या तोंडाने सांगू? उद्या मालकांकडे सुट्टी मागते. न बोलावता आले तर दार लावून घेऊ नका.


१७ मार्च

वन्सं,

हे पत्र बसून वाचा. मी उभ्यानेच लिहितेय, तरीही तुम्ही बसा.

आज सकाळी निघताना बंधुराजांनी त्यांचा चष्मा माझ्या पिशवीत टाकला, काडीचा स्क्रू ढिला झालाय म्हणून. दुकानात चष्म्याचं घर उघडलं, तर आत चष्म्याखाली कागदाच्या पट्ट्या घडी करून ठेवलेल्या. मला वाटलं, कसल्या पावत्या असतील. उलगडल्या तर प्रत्येकीवर तुमचं नाव, तुमच्या अक्षरात. तेच समास, वन्सं. मी म्हणत होते रागाने कापून फेकले. त्यांनी ते जपून ठेवले होते.

पुढचं ऐका. तुमच्या नावाशेजारी ती रेघ असते ना, छपाई बरोबर आकाराची झाली की नाही ते ताडून बघायला, बरोबर पाच सेंटिमीटरची? दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची आमच्याकडे एक पट्टी असते. काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि मी तुमची रेघ मोजतेय. पाच भरली नाही. दीड मिलिमीटर कमी. समासाची दुसरी पट्टी मोजली, तिसरी मोजली. सगळ्या तेवढ्याच कमी.

पानंच लहान छापली गेलीत! झेरॉक्सवाल्याने काढलेला पहिला संच पुऱ्या आकाराचा, ऑफिसातले दोन्ही संच आखूड. मग त्या गळ्यावर ते कडं जन्मात चढणार नव्हतं. आणि मी, इतकी वर्षं हे करणारी, रेघ न मोजता कात्री चालवली, कारण समोर समासच नव्हते.

संध्याकाळी ते दारात आले तशा पट्ट्या पुढे धरल्या.

"हे काय?"

"समास आहेत."

"ते दिसतंय. चष्म्याच्या घरात कशाला?"

"कचऱ्यात टाकवेनात."

"आणि छापताना काय केलंत?"

"काय करणार? मशीनने विचारलं, कडेचा मजकूर कापला जाईल, चालेल का? म्हटलं, नाही चालणार. तिचं नाव अगदी कडेला असतं. तो तुझा झेरॉक्सवाला दर वेळी निम्मं उडवतो. खाली एक खूण होती, कागदावर बसेल असं छापा. ती केली."

नाव पुरतं यावं म्हणून या माणसाने अख्खं यान लहान केलं. मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. मग तुमचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. बूट घातलेल्या पायांनी तसेच खुर्चीत बसले. बराच वेळ 'बाह्या' एवढंच म्हणत होते.

आता खरी पंचाईत पुढेच आहे, आणि ती मला आज बसू देत नाहीये. तुम्ही यावर विश्वास ठेवणार नाही. आईंना आपण दोघी काय सांगायचो? बाही आखूड झाली की तुम्ही म्हणायचात, "कापडच आखूड निघालं गं आई," आणि मी मान डोलवायचे. त्या समाधानाने चहा प्यायच्या. आता मी तुम्हाला सांगतेय, की छपाईच आखूड निघाली. तुमच्या जागी मी असते तर म्हटलं असतं, झालं, माझ्याही वेळी सुरू झालं यांचं.

त्या वेळी असं बोलायला नकार देणारा घरात एकच माणूस होता. म्हणून त्यांना म्हटलं, तुम्ही लिहा. तर म्हणतात, "मला पत्र लिहिता येत नाही." म्हटलं, विम्याचे दावे नाकारणारी पत्रं रोज कोण लिहितं? मग कागद घेऊन आतल्या खोलीत गेले. काय लिहिलंय मी वाचलेलं नाही, पाकीट बंद करून दिलंय. वाचायचा मोह खूप होतोय. दोन्ही पत्रं, समासाच्या पट्ट्या आणि डब्याचा गळा उद्या पहिल्या कुरिअरने निघतील.

तुमची भावजय


१७ मार्च

ताई,

विषय : तुझ्या यानाच्या दुसऱ्या संचातील चूक.

१. चूक तुझ्या रेखाटनात नाही. छपाईत आहे. छपाई मी केली.

२. पुरावा म्हणून समासाच्या पट्ट्या जोडल्या आहेत. रेघ तुझ्या मोजपट्टीने मोज. माझ्यावर किंवा हिच्यावर विसंबू नकोस.

३. मोजल्यावर बांधून ठेवलेला संगणक सोड, ते पान पुऱ्या आकारात छाप आणि कडं सोबतच्या गळ्यावर चढवून बघ. न चढल्यास तुझं म्हणणं खरं धरू आणि मी स्वतः तुला तपासणीला नेईन. चढल्यास सेवागृहाचा अर्ज मागे घे.

आईची बाही चुकली की तुम्ही दोघी तिला कापडाचं कारण सांगायचात. मी सांगायचो, आई, बाही चुकली आहे. तू मला दगड म्हणायचीस. तो दगड तुला आता सांगतो आहे की तुझं बरोबर आहे. तुझं चुकलं असतं तर चुकलं म्हणून लिहिलं असतं, तेवढं तू मला ओळखतेस.

शनिवारी टेबल देऊ नकोस. मी शुक्रवारी येतो. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी बाहेर बसेन.

ही म्हणते, निदान शेवटी तरी काहीतरी गोड लिहा. मला ते येत नाही. जे खरं आहे ते लिहितो.

आईला तिथे ठेवलंस ते बरोबर केलंस. त्या दिवशी दारातही मला ते कळत होतं. आठ वर्षांत तिच्या उशाशी मी एक रात्र काढली नव्हती, आणि ते तू बोलून दाखवण्याआधी मी ओरडलो. तू बोलून दाखवणारच नव्हतीस, हे नंतर कळलं.

हे मी तुझ्या समाधानासाठी लिहिलेलं नाही.